नो पार्किंगमधली अकरा मिनिटं

नंदकिशोर बेहेऱ्यांनी चाळीस वर्षांत एकदाही सिग्नल तोडला नव्हता. हे त्यांनी स्वतःच इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांच्या बायकोला, वसुधाला, ते पाठ झालं होतं. पिवळा लागला की हा माणूस थांबणार म्हणजे थांबणार. मागून हॉर्नचा दंगा, रिक्षावाल्यांच्या शिव्या, आणि हे आपले स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून शांत बसलेले. एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य गेलं होतं. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तर अख्खा कागद बाजूला टाकून नवा घेणारा माणूस! विलेपार्ल्याच्या पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर घर, खाली जुनी पांढरी गाडी, आणि कपाटात एक फाईल. फायलीत वर्तमानपत्राच्या वाचकांच्या सदरात छापून आलेली त्यांची सत्तावीस पत्रं, तारखेनुसार लावलेली. अशा माणसाच्या मोबाईलवर डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी मेसेज आला, की तुमची गाडी नो पार्किंगमध्ये उभी होती, दंड भरा.

आता पंचाईत अशी की गाडी होतीच उभी.

आदल्या दिवशी, म्हणजे मार्गशीर्षातल्या गुरुवारी, बेहेरे वसुधाच्या डोळ्यांत घालायचे थेंब आणायला निघाले होते. बाजाराच्या रस्त्यावर बेकरीसमोर हिरव्या साडीतली एक बाई चालता चालता थबकली. तिचा हात काहीतरी धरायला म्हणून वर गेला आणि ती धाडकन फुटपाथवर पडली. हातपाय झटकायला लागली, तोंडाला फेस आला. माणसं जमली, आणि जमलेली माणसं जे करतात तेच करायला लागली. एकाने पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली, दुसरा कांदा शोधायला धावला, तिसऱ्याने व्हिडिओ काढायला मोबाईल काढला. बेहेऱ्यांनी होती तिथेच गाडी डावीकडे घेतली. वर नो पार्किंगची पाटी होती. पाटी त्यांना दिसली. दिसली नसती तर ते बेहेरे कसले! दिसली, आणि तरी त्यांनी इंजिन बंद केलं.

"अरे, चप्पल कसली हुंगवताय! व्हा बाजूला, वारा लागू द्या तिला," ते ओरडले. चप्पलवाला ओशाळून चप्पल हातात तशीच वर धरून मागे सरकला. बेहेऱ्यांच्या ऑफिसात एका सहकाऱ्याला फिट यायची, त्यामुळे काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बाईला कुशीवर वळवलं, कापडी पिशवीची घडी करून डोक्याखाली सरकवली आणि झटके आपोआप थांबेपर्यंत शेजारी उकिडवे बसून राहिले. मग दोघा-तिघांच्या मदतीने तिला गाडीत घातलं. घड्याळ बघायची खोड जित्याची. बारा एकेचाळीसला थांबले होते, बारा बावन्नला निघाले. अकरा मिनिटं.

पुढच्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये रजिस्टरवर 'पेशंटशी नातं' असा रकाना होता. परकी बाई म्हटलं तर उगाच चौकशा होतील, म्हणून बेहेऱ्यांनी 'शेजारी' असं लिहिलं. आणि ते खोटं होतं म्हणून माणसाला दिवसभर चैन पडली नाही. इतका हा माणूस सरळ.

बाई शुद्धीवर आली ती विचारतच, "काका, किती वाजले?"

"दीड."

"वाट लागली! दीप्तीताईंकडे एक वाजताच्या पोळ्या होत्या." ती उठायला गेली, नर्सने दाबून बसवलं. नाव शकु परब. मूळची सावंतवाडीकडची, राहायला मालाडला. पार्ल्यात तीन घरी पोळ्या करायची, तिन्ही घरं एकाच बिल्डिंगमधली. चार वर्षांत फिट आली नव्हती. त्या दिवशी गुरुवारचा उपास, पोट रिकामं, रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं, म्हणून सकाळची गोळी घेतलीच नव्हती. डॉक्टर तिला चांगलेच ओरडले. मग बेहेऱ्यांना म्हणाले, "गोळी रोज घेतली तर स्वयंपाक काय, हिला काहीही करू द्या. पण चुकवायची नाही. चुकवली की धोका."

डॉक्टर गेल्यावर शकुने बेहेऱ्यांचा हात धरला. "काका, कुणाला बोलू नका हां. मी दीप्तीताईंना ताप आला म्हणून सांगते. फिट येते कळलं तर गॅसजवळ मला कोण उभी करील? तिन्ही घरं जातील एका दिवसात."

"माझ्या तोंडून एक अक्षर निघायचं नाही," बेहेरे म्हणाले. आणि बेहेऱ्यांचा शब्द म्हणजे शब्द.

आता दंडाचं. त्यांनी मोबाईलवर तक्रार केली, की गाडी उभी होती हे मान्य, पण रस्त्यावर पडलेल्या एका व्यक्तीला उचलण्यासाठी उभी होती, सबब दंड माफ व्हावा. दोन दिवसांत उत्तर आलं. 'छायाचित्र तपासले. वाहन नो पार्किंगमध्ये उभे असल्याचे स्पष्ट दिसते. तक्रार अमान्य.'

"अगं पण नव्हती असं मी म्हटलंय कुठे!" बेहेरे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ओरडले. "उभी होतीच! का होती, ते वाच ना बाबा!"

"तो इथे नाहीये, मी आहे," वसुधा कणीक मळता मळता म्हणाली. "भरून टाका आणि मोकळे व्हा."

भरून टाका! म्हणजे मी चुकलो असं कबूल करा! बेहेऱ्यांनी टेबलावर कागद अंथरला आणि ठेवणीतल्या पेन्सिली काढल्या. दोन दिवस खपून त्या रस्त्याचा नकाशा काढला, मापाबरहुकूम. बेकरी, फुटपाथ, पाटीचा खांब, गाडी, आणि गाडीच्या पलीकडे फुलीने दाखवलेली पडलेल्या व्यक्तीची जागा. पलीकडच्या फुटपाथवरून फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यापासून एक तुटक रेघ गाडीच्या टपापर्यंत नेली आणि खाली लिहिलं, 'या कोनातून गाडीमागचे दृश्य दिसणे अशक्य.' खात्याने पाठवलेला फोटो मोठा करून बघितला तर टपाच्या वर एक हात दिसत होता, आणि त्या हातात चप्पल. बेहेऱ्यांनी त्या हाताभोवती लाल गोल काढला. 'कृपया हात पाहावा. भर रस्त्यात कोणी हातात चप्पल घेऊन का उभे राहील, याचा विचार व्हावा.' एवढं सगळं चार पानांत बसवून पाठवलं. पठ्ठ्यांनी पुन्हा तेच तीन ओळींचं उत्तर पाठवलं. अक्षराचाही फरक नाही.

बेहेरे त्या रात्री नीट जेवले नाहीत. दंडाचं त्यांना काही नव्हतं, हे वसुधालाही ठाऊक होतं. आपण आयुष्यभर नियमाने वागलो, एकदा नियम मोडला तो योग्य कारणासाठी, आणि ते कारण कोणी ऐकूनही घेत नाही, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मग ते स्वतः वाहतूक चौकीत गेले. टेबलाशी क्षमा नावाची तरुण कॉन्स्टेबल होती. तिने निदान बसायला सांगितलं आणि नकाशा उलगडून बघितला.

"काका, भारीच काढलाय. पण खरं सांगू? वरती रोज ढिगाने तक्रारी येतात. फोटोत गाडी दिसली की अमान्य. कारण कोण वाचत बसणार? तुम्ही पेशंटला नेलंत ना? मग दवाखान्याचा कागद असेल. तो जोडा, मी स्वतः साहेबांच्या समोर ठेवते."

कागद बेहेऱ्यांच्या खिशात होता. नर्सिंग होमची पावती. तारीख, वेळ, शकु परब, फिटचा झटका, आणणारा एन. व्ही. बेहेरे. कागद बाहेर काढला की दंड रद्द. त्यांचा हात खिशाशी गेला आणि तिथेच थांबला.

"आहे, पण देता येत नाही," ते म्हणाले. "नावावर पट्टी चिकटवली तर?"

"नाव झाकलेला कागद कोण मानणार, काका?"

"मी शब्द दिलाय त्या बाईला."

क्षमाने त्यांच्याकडे बघितलं. ती हसली नाही, हे बेहेऱ्यांना बरं वाटलं. "मग भरून टाका ना," ती हळूच म्हणाली. "किंवा लोकअदालतीत जा. पण तिथेही कागदच मागतील."

इथे, खरं म्हणजे, गोष्ट संपायला हवी होती. चांगल्या माणसाने शब्द पाळला, दंड भरला, घरी आला. पण घरी येऊन बेहेऱ्यांनी काय केलं? फाईल काढली. सत्तावीस पत्रांची! आणि अठ्ठाविसावं लिहायला बसले. अहो, पार्ल्याच्या माणसाला अन्याय झाला की आधी मथळा सुचतो.

'मदत करणे हा गुन्हा आहे काय?' असा मथळा. पत्र झकास उतरलं होतं, त्यात वाद नाही. नाव लिहायचं नाही हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. पण सवय वाईट. तपशील नसलेलं पत्र म्हणजे माप नसलेला नकाशा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गुरुवार लिहिला, तारीख लिहिली, दुपारी बारा एकेचाळीस लिहिलं, बेकरी लिहिली. 'घरोघरी पोळ्या लाटून संसार चालवणारी, हिरव्या साडीतील एक कष्टकरी भगिनी फिटचा झटका येऊन कोसळली' असं लिहिलं. भगिनी या शब्दावर ते स्वतःच खूश झाले.

वसुधाने पत्र वाचलं. "तिला कबूल केलं होतंत ना?"

"नाव कुठे लिहिलंय? दाखव बरं! पार्ल्यात पोळ्या करणाऱ्या बायका काय कमी आहेत?"

"हिरव्या साडीतल्या, त्या गुरुवारी बेकरीसमोर पडलेल्या कमीच असतील," वसुधा म्हणाली. पण तोवर त्यांनी ईमेल धाडलंही होतं.

जानेवारीतल्या एका सोमवारी पत्र छापून आलं, चौकटीत! बागेतल्या कट्ट्यावर त्यांचे मित्र जयवंत सामंत यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. जयवंत म्हणजे बेहेऱ्यांचा पंचवीस वर्षांचा सकाळच्या फिरण्यातला जोडीदार. "नंदू, तू म्हणजे यार हिरा आहेस," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे पत्राचा फोटो काढून दीडशे जणांना पाठवून दिला. दोन दिवस बेहेऱ्यांना बाजारात चालता येईना. केमिस्टने हात जोडले, सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस बोर्डावर कात्रण लावलं. खात्याकडून मात्र ना फोन, ना मेल, काही नाही. अख्ख्या पार्ल्याने वाचलं, फक्त ज्यांच्यासाठी लिहिलं होतं त्यांनी तेवढं वाचलं नाही.

शनिवारी सकाळी दार वाजलं. बाहेर शकु उभी होती. घामाने कपाळ ओलं, खांद्याला पिशवी.

"ये गं, बस," बेहेरे म्हणाले. ती बसली नाही.

"काका, तुमचा दंड माफ झाला काय?"

"नाही अजून."

"नाही ना? मगे कित्याक लिवलात?" इतका वेळ नीट बोलणारी शकु एकदम गावच्या बोलीवर आली. "कित्याक लिवलात ता? माका काय विचारलात?"

नाव नव्हतं लिहिलं, असं काहीतरी बेहेरे पुटपुटले.

"नाव कशाला हवं? दीप्तीताईंच्या मोबाईलवर आलं ते. त्या दिवशी मी आले नव्हते, हिरवी साडी त्यांनीच दिलेली दिवाळीला. मला समोर बसवून विचारलं, शकु, ही तू का? मी नाही म्हटलं. देवाची शपथ घातली तरी नाही म्हटलं. तर म्हणाल्या, बरं, मी बेहेरे काकांनाच विचारते, ते खोटं नाही बोलायचे." शकुचा आवाज चिरकला. "त्यांचं बाळ आहे ना दोन वर्षांचं. त्या वाईट नाहीत हो काका. पण भीती वाटली की माणूस काढून टाकतो. आणि त्यांनी काढलं की वरची दोन्ही घरं काढणार, तिघींचा एकच ग्रुप आहे. माझी ऋतिका बारावीला आहे. मी काय करू आता?"

वसुधाने पाण्याचा पेला पुढे केला. शकुने तो हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

बेहेरे खुर्चीत बसून राहिले. त्यांना लाज वाटली. अशी लाज की कानशिलं तापली. चौकीत खिशातला कागद काढला नाही म्हणून आपण किती मोठे झालो होतो मनातल्या मनात! आणि मग तोच कागद चौकटीत छापून घरोघरी वाटला. खात्याने आपलं ऐकलं नाही म्हणून आपण भांडलो, आणि या बाईने एकच गोष्ट सांगितली होती, ती आपण तरी कुठे ऐकली?

"गोळी घेतेस का रोज?" त्यांनी विचारलं.

"त्या दिवसापासून एक चुकवली नाही. हे बघा," तिने पिशवीतून पाकीट काढून दाखवलं.

"उपासाला?"

"उपासाला पण. राजगिऱ्याचा लाडू खाते आधी."

बेहेरे खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "शकु, त्या घरात लहान पोर आहे. मी खोटं बोललो आणि उद्या काही झालं तर ते माझ्या डोक्यावर. म्हणून एक अट. रोज सकाळी साडेआठला गोळी घेतलीस की मला मिस कॉल द्यायचा. एक रिंग, आणि कट. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मी दीप्तीकडे जाऊन खरं काय ते सांगणार. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

शकुला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुम्ही खोटं सांगाल?"

"बघू," बेहेरे म्हणाले. रजिस्टरवर 'शेजारी' लिहून दिवसभर बेचैन झालेला माणूस, त्याला तरी काय ठाऊक!

दीप्ती रविवारी सकाळी आली, आणि नेमके त्या वेळी जयवंत चहाला बसले होते. तिच्या हातात कात्रण. पस्तिशीची, बँकेत नोकरी करणारी, बोलायला गोड मुलगी. "काका, पत्र फारच छान," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास द्यायला कसंतरी वाटतंय, पण एकच विचारायचंय. ती बाई म्हणजे आमची शकु का? हो की नाही एवढंच सांगा. घरात ओजस आहे, दोन वर्षांचा. दुपारी मी ऑफिसात, सासूबाई पडून असतात. मला कळायला हवं ना."

ती म्हणत होती त्यात चूक एका शब्दाची नव्हती. बेहेऱ्यांनी कात्रणाकडे बघितलं. नुसतं 'नाही, ती दुसरी' म्हटलं तर पुरेल का? नाही पुरणार. कोण दुसरी, कुठली, ती विचारणार, बेकरीत जाऊन चौकशी करणार. हिरवी साडी, गुरुवार, बारा एकेचाळीस. सगळ्या रेघा त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्या होत्या, आणि सगळ्या शकुवरच जाऊन मिळत होत्या. रेघ चुकली की काय करायचं ते या माणसाला चांगलं ठाऊक होतं. अख्खा कागद टाकायचा.

"कोणीच नव्हतं," बेहेरे म्हणाले.

"म्हणजे?"

"कोणी पडलं नव्हतं. थेंब घ्यायला गेलो होतो हिचे. दोन मिनिटांचं काम म्हणून पाटीखाली गाडी लावली. दंड आला. राग आला मला. मग रचलं सगळं."

जयवंतांच्या हातातली बशी खणकली. "नंदू, काय बोलतोस काय!"

"पण काका, वेळ, तारीख, साडीचा रंग..." दीप्तीला खरं वाटेना. "इतकं बारीक कोण रचतं?"

"ड्राफ्ट्समन होतो मी. बारीक काम करायची सवय आहे." त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "साडीला कुठलातरी रंग हवा म्हणून हिरवा दिला. तुमच्या बाईला मी ओळखत नाही."

दीप्ती वसुधाकडे वळली. "काकू?"

वसुधा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते यांना, दंड भरून मोकळे व्हा म्हणून," ती म्हणाली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दीप्तीने कात्रणाची घडी केली. तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली आणि तिच्या मागोमाग किळस. "काका, मी त्या बिचारीला देवाची शपथ घातली हो," ती म्हणाली. "तुमच्या वयाच्या माणसाने असं करावं?" चहा न घेता ती गेली. जयवंत दोन मिनिटं बसले, अर्धा चहा टाकून उठले, आणि चपला घालता घालता म्हणाले, "दीडशे लोकांना पाठवलं रे मी ते."

त्यांच्या मागे दार बंद झालं. बेहेरे जागचे हलले नाहीत. वसुधा शेजारी येऊन बसली.

"दुखतंय?"

"हो," बेहेरे म्हणाले. "फार दुखतंय गं."

तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सोमवारी ते चौकीत गेले आणि क्षमाच्या टेबलाशी उभं राहून दंड भरला. तिने पावती फाडायच्या आधी पुन्हा एकदा तो फोटो उघडला. आज काय तिला वाटलं कोण जाणे, तिने फोटो मोठा केला आणि टपावरच्या त्या हातावर बोट ठेवलं.

"काका, हा हात... खरंच कोणी पडलं होतं ना?"

दीड महिना ज्या प्रश्नाची वाट बघितली तो आज आला होता. बेहेऱ्यांनी त्या हाताकडे, त्या चपलेकडे बघितलं.

"फोटोत दिसतंय तेवढंच," ते म्हणाले आणि पावती घेऊन बाहेर पडले.

गोष्ट पसरायला आठवडा पुरला. सेक्रेटरीने बोर्डावरचं कात्रण काढलं, टाचण्यांची भोकं तेवढी राहिली. केमिस्ट आता मान वर न करता सुटे पैसे देतो. कुणीतरी वर्तमानपत्रालाही कळवलं आणि सदराच्या तळाशी बारीक अक्षरांत खुलासा आला, की अमुक तारखेचे पत्र वस्तुस्थितीला धरून नसल्याचे समजते. बेहेऱ्यांनी तोही कापून फायलीत लावला, तारखेनुसार. पत्र मात्र पुन्हा लिहिलं नाही.

बागेत ते अजून जातात. फेब्रुवारीतल्या संकष्टीच्या दिवशीही गेले. कट्ट्यावर जयवंत आणि आणखी तिघं बसले होते. बेहेरे आले तसे बोलणं थांबलं. जागा होती, पण कोणी सरकलं नाही. ते शेजारच्या बाकावर एकटे बसले आणि मोबाईल मुठीत धरला. साडेआठ झाले. साडेआठला रोज येतो. आज संकष्टी, ही बाई संकष्टीही करते. आठ पस्तीस. लाडू संपले असतील का? आठ अडतीस. चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं ठेवून बसली नाही ना पुन्हा? एक वाजता ती दीप्तीच्या ओट्याशी उभी असणार, शेजारी ते पोर. आज उठून जायचं आणि सगळं सांगायचं, ठरलंय तसं.

"काय नंदकिशोर," कट्ट्यावरून जयवंतांचा आवाज आला. नंदू म्हणायचं त्यांनी सोडलं होतं. "नवीन काही रचताय की काय?"

तिघंही हसले. बेहेरे काही बोलायला म्हणून वळले, आणि मुठीतला मोबाईल वाजला. एक रिंग. कट.

आठ एकेचाळीस झाले होते. बेहेऱ्यांनी मोबाईल खिशात ठेवला, आणि त्या तिघांबरोबर तेही हसले.